स्टिकरखालचं गंध

१

शनिवारी सकाळी साडेनऊला मोरेश्वर दाभाड्यांचा फोन आला. नमस्कार नाही, चमत्कार नाही, थेट ओरडा.

"पुसली! माझी चिप कुणीतरी लाइट दाखवून पुसली. कुणी, तेही मला ठाऊक आहे. ये लगेच!"

निधी अंथरुणातच उठून बसली. अमेरिकेत फिनिक्सजवळच्या चँडलरमधल्या एका चिप कारखान्यात ती नोकरीला होती. मेलेली चिप उघडायची आणि ती कशाने मेली ते शोधायचं, हे तिचं काम. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कुणी "काय करतेस?" विचारलं की ती "पोस्टमॉर्टम" म्हणायची आणि समोरची काकू एक पाऊल मागे सरकायची. मोरेश्वरकाका तिच्याच धंद्यातले, तीन गल्ल्या पलीकडे राहणारे, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आणि आवाजाने पस्तिशीचे. त्यांच्या रागाची गावाला सवय होती. पण आजच्या रागात काहीतरी जास्तीचं होतं. काय, ते तिला कळेना.

दाभाड्यांच्या अंगणात गवताऐवजी खडी पसरलेली होती, चँडलरमध्ये बहुतेकांच्या असते तशी. आत स्वयंपाकघरात सुहासिनीकाकू फोन स्पीकरवर टाकून बोलत होत्या. पलीकडून नागपूरचा भाऊ म्हणत होता, "कुंदाताई, यंदा तरी ये ना..." निधीला बघताच काकूंनी फोन ठेवला. "आलीस? जा. गर्जना चालली आहे," एवढं बोलून त्या शेंगा सोलायला लागल्या.

दिवाणखान्याची एक अख्खी भिंत म्हणजे काकांचं देवघर. टीव्हीवर खेळायच्या जुन्या यंत्रांची तिथे रांग होती, वयाप्रमाणे लावलेली. अगदी डावीकडे १९७२ सालचं, घराघरांत शिरलेलं पहिलं यंत्र. त्याला आवाज नाही की रंग नाही. रंग हवा तर टीव्हीच्या काचेवर छापील प्लॅस्टिकचा पडदा चिकटवायचा आणि गुण कागदावर लिहायचे. मग जन्मभर एकच चेंडूफळीचा खेळ खेळणाऱ्या पेट्या. मग १९७६ नंतरची खरी कमाल, म्हणजे यंत्र तेच ठेवून खेळ बदलायची सोय, यंत्रात खुपसायची ती खेळ भरलेली काडतुसं, म्हणजे कार्ट्रिज. आणि उजव्या टोकाला १९८३, जेव्हा बाजारात खेळांचा असा चिखल झाला की सगळा धंदाच कोसळला. फिनिक्सची छोटीशी सॅग्वारो व्हिडिओ कंपनीही त्यात बुडाली. काका तिथे इंजिनियर होते.

त्या कंपनीचा शेवटचा खेळ दुकानात गेलाच नाही. त्याचा एकमेव नमुना काकांकडे होता. हिरवी पट्टी, तिच्यावर एक चिप, चिपच्या पाठीवर काचेची इवलीशी खिडकी आणि खिडकीवर, अतिनील किरण आत शिरून आतलं पुसलं जाऊ नये म्हणून, कागदाचा स्टिकर. स्टिकरवर लिहिलेलं 'उल्का, १९८२'.

"सोमवारी म्युझियमची ती डॉना येणार," काका म्हणाले. "कायमच्या प्रदर्शनात लावणार आहेत. खाली पाटी, पाटीवर नाव. त्या काळी कंपन्या खेळ लिहिणाऱ्याचं नाव कुठे छापत नव्हत्या. त्रेचाळीस वर्षांनी ते लागणार होतं. आणि त्या प्रतापने, त्या नालायकाने..."

प्रताप खानोलकर त्यांचा सॅग्वारोतला जुना सहकारी, आता दुसऱ्या राज्यात, अर्विंगला राहणारा. त्याने म्युझियमला पत्र लिहिलं होतं की हा खेळ मोरेश्वरचा नाही. पुरावा म्हणून एक आठवणही दिली होती. खेळाच्या शेवटी एक छुपी खोली आहे आणि लिहिणाऱ्याने तिथे आपलं नाव लपवलं आहे, अशी तक्रार तेव्हा कंपनीतल्या खेळ तपासणाऱ्याने केली होती. म्युझियमने ठरवलं, सोमवारी दोघांसमोर शेवटपर्यंत खेळून बघू. खोलीत जे नाव, तेच पाटीवर.

"तर तिथे माझं नाव आहे हे त्याला पक्कं माहीत! म्हणून गुरुवारी दसऱ्याच्या निमित्ताने आला आणि पुसून गेला. आज खेळ लावला तर पडदा काळा."

"बघू," निधी म्हणाली आणि यंत्र उघडायला स्क्रू ड्रायव्हर उचलला.

"थांब!" काकांनी तिचा हात धरला. सहाण तिथेच होती. त्यांनी ओलं अष्टगंध करंगळीशेजारच्या बोटावर घेतलं, यंत्राला टिळा लावला आणि हात जोडले. "यंत्राला हत्यार लावण्याआधी त्याची माफी मागायची. माझे वडील गिरणीत फिटर होते, त्यांचा नियम. आता उघड."

सगळं मंडळ या नियमाची टर उडवायचं. निधीला तो आवडायचा.

तिने यंत्र तपासलं, ठणठणीत होतं. दुसरं काडतूस लावलं, चेंडू टकटक करू लागला. मग 'उल्का'ची पट्टी घेऊन तिच्या तांब्याच्या दातांवरून स्पिरिटचा कापूस फिरवला. बोळा काळाकुट्ट झाला. पट्टी पुन्हा लावली. पडदा काळाच.

शेवटी तिने स्टिकरचा कोपरा नखाने उचलला. त्रेचाळीस वर्षं चिकटलेला कागद फाटत फाटत निघायला हवा होता. हा पापुद्र्यासारखा सहज वर आला. स्टिकर कुणीतरी आधीच काढून परत लावला होता. आणि त्याच्याखाली काचेवर जे दिसलं ते बघून निधीने स्टिकर तसाच दाबला आणि पट्टी रुमालात गुंडाळली.

"मी ही घरी नेते. आधी सगळ्यांशी बोलते."

२

प्रतापकाका हायवेलगतच्या मोटेलात उतरले होते. दारातच म्हणाले, "मोऱ्याने पाठवलं का तुला? पोलिसांना पाठवणार होता ना?"

"गुरुवारी तुम्ही चिप हातात घेतली होती?"

"घेतली. पूजेत मांडली होती, उचलून बघितली. दोन तास होतो तिथे, पैकी अर्धा तास हॉलमध्ये एकटा. लिहून घे, मी लपवत नाही. पण मुली, मी का पुसेन? त्या खोलीची गोष्ट म्युझियमला सांगितली कोणी? मीच ना?"

"तिथे तुमचं नाव आहे?"

प्रतापकाका हसले, पण त्यात गोडवा नव्हता. "माझं नाही. मी आवाजाचं काम करायचो. तिथे कोणाचं नाव आहे ते मला माहीत नाही. मोऱ्याचं नाही एवढं माहीत आहे. तो सोल्डरिंगचा राजा, पण दहा ओळींचा प्रोग्रॅम लिहायला सांगितला की घाम फुटायचा. एक दिवस अचानक वही घेऊन आला आणि त्यात अख्खा खेळ! चार उल्का खाली, एक वर उडवायची. वरची खाली पडायच्या आत आधी एकेक गोळा करायची, पुढच्या लेव्हलला दोन-दोन, मग तीन आणि एक, मग चारही एकदम. किती सुंदर चढण आहे बघ! हे डोकं त्याचं नव्हे. त्रेचाळीस वर्षं मंडळाच्या प्रत्येक स्टेजवर तो ते आपलं म्हणून मिरवतोय आणि माझं रक्त उकळतंय."

वर एक, खाली चार. एकेक, दोन-दोन. हे आपण कुठेतरी खेळलो आहोत असं निधीला वाटत राहिलं, पण कुठे ते आठवेना.

दाभाड्यांच्या गराजमध्ये ऋषी, त्यांचा मुलगा, खोकी भरत होता. आईवडिलांना एका मजल्याच्या लहान घरात हलवायचं म्हणून तो बुधवारपासून येऊन राहिला होता. वडील तेव्हापासून त्याच्याशी भांडत होते.

"चिप अतिनील किरणांनी पुसली जाते ना? सो, मी सस्पेक्ट?" त्याने खिशातून जांभळा टॉर्च काढून तिच्यापुढे आपटला. "हिअर. विंचू शोधायचा ब्लॅकलाइट. चँडलरमध्ये सगळ्यांकडे असतो. अरेस्ट मी."

"हा नाही चालणार. याचे किरण फार सौम्य, वर्षभर धरलास तरी ती चिप पुसली जायची नाही."

"ओके. बट आय विश आय हॅड डन इट. बाबांना त्या मशीन्स आमच्यापेक्षा जास्त आवडतात. आय मीन इट." तो खरोखरच चिडलेला होता. "गुरुवारी मी पूजेचे फोटो काढले, त्यांच्या फेसबुकसाठी. हवे तर घे."

फोटोत 'उल्का'ची पट्टी झेंडूच्या दोन फुलांमध्ये होती. स्टिकर जागेवर, आणि स्टिकरच्या वर गंधाचा केशरी टिळा. निधीने फोटो मोठा करून टिळा निरखला. सकाळी रुमालात गुंडाळताना तिने जो टिळा पाहिला होता, तो हा नव्हता.

३

"अतिनील दिवा माझ्याकडे आहे," सुहासिनीकाकू न विचारताच म्हणाल्या. त्यांनी खणातून चपट्या डब्यासारखी एक पांढरी पेटी काढून ओट्यावर ठेवली. "करोनात घेतली होती. फोन, किल्ल्या आत ठेवायच्या, जंतू मरतात. चिप मरेल का?"

"तीन-चार वेळा लावली तर मरेल, काकू."

"मग याच्यातच मेली असणार. काल सकाळी मी भाजी आणायला गेले होते. परत आले तर पेटी कोमट होती."

"घरात कोण होतं?"

"हे होते. ऋषीही होता, गराजमध्ये." काकूंनी शेंगांच्या साली गोळा केल्या. "मंगळवारी यांनी दार लावून दिवसभर तो खेळ खेळला. सोमवारी लोकांसमोर खेळायचा म्हणून प्रॅक्टिस. कधी तिसऱ्या लेव्हलपुढे गेले नव्हते. संध्याकाळी बाहेर आले ते जेवलेच नाहीत. माझ्याकडे बघितलंही नाही."

एवढ्यात काका दारात उभे राहिले. त्यांची नजर पेटीवर गेली आणि तिथेच खिळली. मग त्यांनी बोट उगारलं.

"म्हणजे तू! चाळीस वर्षं अडगळ, अडगळ म्हणून माझ्या यंत्रांना शिव्या घालणारी तू! निधी, बघ, पेटी हिची. प्रतापला उगाच बोललो मी. घरभेदी घरातच होती!"

"अहो, काय बोलता तुम्ही?"

"सोमवारी डॉनाला मी सांगणार. माझ्या बायकोने द्वेषापोटी माझं नाव पुसलं म्हणून!"

काकू रडल्या नाहीत. नवऱ्याकडे त्या अशा बघत राहिल्या की निधीलाच तिथे उभं राहवेना. पंचेचाळीस वर्षांच्या संसारानंतर माणूस इतक्या सहज बायकोला वाघापुढे टाकतो, याचा तिला संताप आला.

"उद्या सकाळी दहाला सगळ्यांनी हॉलमध्ये या," ती म्हणाली. "प्रतापकाकांनाही बोलवा."

४

घरी येऊन निधीने काचेवर बोट लागू न देता चिप वाचायच्या यंत्रात बसवली आणि यंत्र लॅपटॉपला जोडलं. पुसलेली चिप म्हणजे कोरी पाटी, सगळीकडे तेच ते एक चिन्ह. पडद्यावर ओळीमागून ओळी कोऱ्या सरकत गेल्या. चार हजार जागा, सगळ्या मेलेल्या.

मग मध्येच एका ठिकाणी ओळी जिवंत झाल्या.

ती खुर्चीतून उठलीच. किरण खिडकीच्या काचेतून आत जातात. काचेवर गंध असेल, तर गंधाच्या सावलीतला भाग वाचतो. स्टिकरखालच्या त्या केशरी टिळ्याने मोहरीएवढा तुकडा वाचवला होता. म्हणजे क्रमही उघड होता. आधी स्टिकर निघाला, मग काचेवर टिळा लागला, मग किरण, मग स्टिकर परत.

वाचलेला तुकडा पडद्यावर काढायच्या चित्राचा होता. तिने ठिपके चौकटीच्या कागदावर मांडले. भरलेला ठिपका, रिकामा ठिपका. हळूहळू पाच इंग्रजी अक्षरं उभी राहिली. ती मोरेश्वर नव्हती आणि प्रतापही नव्हती. ते नाव तिने ऐकलेलं होतं, आणि तेही आजच सकाळी.

आणि मग तो खेळही आठवला. आजोळचं अंगण, मावशी, आणि फरशीवर घरंगळणारे पाच सागरगोटे.

५

रविवारी दहाला हॉलमध्ये चौघं चार कोपऱ्यांत बसले होते. चहा कुणी घेतला नाही.

"मोरेश्वरकाका," निधी म्हणाली, "खेळ लावला आणि पडदा काळा दिसला, तर तुम्ही सगळ्यात आधी काय करता?"

"काँटॅक्ट, ते तांब्याचे दात, पुसतो. शेंबडं पोरही सांगेल."

तिने कालचा काळाकुट्ट बोळा टेबलावर ठेवला. "हे त्याच काँटॅक्टवरून निघालं. तुम्ही ते पुसलेच नव्हते. दुसरं काडतूस लावून यंत्रही बघितलं नव्हतं. थेट मला फोन केलात, 'लाइट दाखवून पुसली'. नाडी न बघता तिरडी बांधलीत, काका. चिप मेली आहे हे तुम्हाला आधीच माहीत होतं."

"मूर्खासारखं बोलू नकोस!"

"पूजेचा टिळा स्टिकरच्या वर होता, ऋषीच्या फोटोत आहे. पण दुसरा एक टिळा स्टिकरच्या खाली, काचेवर आहे. चिप पुसण्याआधी कुणीतरी तिला ओलं गंध लावलं. प्रतापकाका देवाला हात जोडत नाहीत. ऋषीला सहाण कशाशी खातात ते माहीत नाही. काकू कोरडं हळदीकुंकू वाहतात. यंत्राला मारण्याआधी त्याची माफी मागणारा या घरात एकच माणूस आहे."

काकांचं करंगळीशेजारचं बोट आपोआप मिटलं गेलं.

"डॅड?" ऋषी म्हणाला. "व्हाय वुड यू किल युअर ओन गेम?"

"कारण तो त्यांचा नव्हता. मंगळवारी ते पहिल्यांदा शेवटपर्यंत पोचले. छुप्या खोलीत त्यांनी नाव वाचलं. सोमवारी ते सगळ्या जगाने वाचलं असतं." निधीने चौकटीचा कागद उलगडून टेबलावर ठेवला. "गंधाखाली ते वाचलं आहे."

KUNDA.

प्रतापकाका वाकून बघायला लागले. "ही कोण?"

"मामा आईला कुंदाताई म्हणतो," ऋषी सावकाश म्हणाला. मग त्याने आईकडे पाहिलं. "मॉम?"

"लग्नात तांदळावर नवं नाव लिहिलं यांच्या आईने," सुहासिनीकाकू म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी रोजचा होता. "मी नागपूरहून गणितात एमएस्सी करून आले होते. इथे डिपेंडंट व्हिसा, नोकरी करायची बंदी. यांनी ऑफिसातून मॅन्युअल आणलं, यांना जमेना. मी वाचलं. दुपारी करायचं काय दुसरं? सागरगोट्यांचा खेळ घातला त्यात. वहीत आकडे लिहून द्यायचे, हे ऑफिसात जाऊन भरायचे. एक पान जास्तीचं लिहिलं. आकडे बघून त्यांना काय कळणार होतं?"

"त्या पानाने आपल्याला परत पाठवलं असतं!" मोरेश्वर ओरडले. "तुला काम करायची परवानगी नव्हती. तुझं नाव लावलं असतं तर माझीही नोकरी गेली असती. मी संसार वाचवला!"

"तेव्हा खरं होतं ते."

"मग?"

"ग्रीन कार्ड येऊन पस्तीस वर्षं झाली, अहो."

मोरेश्वर भिंतीवरच्या यंत्रांकडे बघायला लागले. निधीला त्यांची दया आली नाही.

"मला वाटायचं, एक दिवस तुम्ही शेवटपर्यंत खेळाल," काकू म्हणाल्या. "नाव बघाल आणि मला हाक माराल. खेळलात. बघितलंत. आणि काल मलाच चोर ठरवलंत."

त्या उठल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. त्यांच्या मागे जायची हिंमत कुणाला झाली नाही.

सोमवारी डॉना आली तेव्हा मोरेश्वर खुर्चीत बसून होते. ऋषीने त्यांना तिथून हलू दिलं नव्हतं. निधीने कागद दाखवले, क्रम समजावला. डॉनाने सगळं लिहून घेतलं आणि हळहळली. नाव मिळालं, पण खेळ मात्र कायमचा गेला.

"गेला कुठे?" म्हणत सुहासिनीकाकू बाहेर गेल्या आणि अंगणातल्या खडीतून पाच गुळगुळीत दगड निवडून आणले. गुडघे दुखत होते तरी गालिच्यावर मांडी घातली. एक दगड वर उडवला, एक खालचा उचलला, वरचा झेलला. मग दोन-दोन. मग तीन आणि एक. मग चारही एकदम. अठ्ठ्याहत्तरच्या नवऱ्यासमोर एक्काहत्तरच्या बाईचा हात एकदाही चुकला नाही. डॉना फोनवर चित्रण करत होती आणि प्रतापकाका डोळे पुसत होते.

निघताना डॉनाने चिप उजेडात धरली. प्रदर्शनात ठेवण्याआधी काचेवरचा हा केशरी डाग साफ करावा लागेल का, असं तिने विचारलं.

"नको, राहू दे," सुहासिनीकाकू म्हणाल्या. "पंचेचाळीस वर्षांत त्यांनी माझं तेवढंच राखलं. आणि तेही चुकून."